सर डोळे उघडेपर्यंत

नितीन सरांनी मोटरसायकल कडुनिंबाखाली लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि मागून पायी येणाऱ्या सहा पोरांना हातानंच आत यायची खूण केली. पोरं एकामागोमाग फाटकातून आली आणि अंगणात, पायऱ्यांच्या खाली, दप्तरं पाठीवरच ठेवून उभी राहिली. शेजाऱ्याकडून मागून आणलेला गॅसचा सिलिंडर परत करायला आल्यासारखा नितीन सरांचा चेहरा झाला होता.

स्मिताकाकू ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

"काकू, हे तुमचे पोट्टे," नितीन सर म्हणाले. "आणून दिले परत."

"काहून? काय केलं त्यांनी?"

"केलं काहीच नाही जी. मले पापणी लवू देऊन नाही राहिले फक्त."

खुर्चीवर पेपर वाचत बसलेल्या रघुनाथरावांनी पेपर खाली घेतला. ते काकूंचे धाकटे दीर. सकाळच्याच बसनं सौंसरहून आले होते, वहिनींना कायमचं घेऊन जायला. आतल्या खोलीत दोन सुटकेसा भरून तयार होत्या.

"सांगतो तुमाले," नितीन सर पायरीवर टेकले. "मी फळ्यावर लिहितो, वळतो, चष्मा काढून डोळे चोळतो. चोळतो फक्त. तर ही प्रणाली उभी. शिंक आली, तर तिघं उभे. काल क्लास सुरू करताना देवाच्या फोटोले उदबत्ती लावली, हात जोडले, डोळे मिटले, तर सहाही जण उभे. त्याईले पाहून माझी दुसरी बॅच उभी. त्या बॅचले वाटलं इन्स्पेक्शन आलं."

कोणी हसलं नाही. पोरं तर नाहीच. ती नितीन सरांकडे पाहत होती, सहाच्या सहा, टक लावून. बोलता बोलता नितीन सरांनी डोळे मिटण्याचं टाळलं, हे काकूंच्या ध्यानात आलं.

काकूंच्या यजमानांची, वसंत सरांची, शिकवायची एक रीत होती. पांढुर्ण्यात बाकीचे ट्यूशनवाले पोरांच्या डोक्यावर उभे राहून गणितं सोडवून घेत. वसंत सर फळ्यावर गणित लिहीत, खुर्चीत बसत आणि डोळे मिटून घेत. सर डोळे उघडेपर्यंत कोणी उठायचं नाही आणि कोणी बोलायचं नाही. बस, एवढंच. पालकांना सुरुवातीला वाटे, माणूस झोपा काढतो. मग निकाल लागे आणि पालकांचं वाटणं बंद होई. काकूंनी एकदा विचारलं होतं, हे काय खूळ. सर म्हणाले होते, "मी पाहत असलो का पोरं गणित सोडवत नाहीत. माझं तोंड सोडवतात."

संक्रांतीच्या थोडं आधी, एका संध्याकाळी सरांनी मिनाराच्या उंचीचं गणित फळ्यावर लिहिलं, खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि वारले.

पोरांनी गणित सोडवलं. ज्यांचं झालं त्यांनी ताळा पाहिला. ताळा जुळला त्यांनी दुसऱ्या रीतीनं सोडवून पाहिलं. रोशन तिगावचा, त्याचं कधी पहिल्या झटक्यात बरोबर येत नसे. त्या दिवशी त्याला इतका वेळ मिळाला की त्याचंही बरोबर आलं. वर्ग इतका शांत कधीच नव्हता. काकू चहाचा कप घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी ती शांतता पाहिली, त्यांना बरं वाटलं, आणि कपावर बशी झाकून त्या पाय न वाजवता परत स्वयंपाकघरात गेल्या. शेवटी सावरगावहून प्रणालीचे वडील तिला न्यायला आले, बाहेर हॉर्न वाजवून कंटाळले, आत आले आणि त्यांनी सरांना हाक मारली. सर उठले नाहीत तेव्हाही पोरं उठली नव्हती. नियम तसा होता.

डॉक्टरांनी सांगितलं की बसल्या बसल्याच गेले, लगेच पाहिलं असतं तरी काही हातात नव्हतं. पण गावाला दुसरी गोष्ट जास्त आवडली. तेरवीच्या पंगतीत कोणीतरी भाजी वाढून घेत म्हणालं, सहा जण समोर बसले होते म्हणे, एकालेही समजलं नाही. त्याच पंगतीत ती सहा जणं जेवत होती. शाळेत त्यांना 'मौन बॅच' असं नाव पडलं, आणि ट्यूशनला ती नितीन सरांकडं जायला लागली.

"येतं सगळं यांना," नितीन सर आता हळू बोलत होते. "वसंत सरांनी अर्ध्याच्या वर घोटून घेतलं आहे, बाकीचं मी घेतलं असतं. पण काकू, पेपर सोडवायले मान खाली घालावी लागते. हे मान खाली घालतच नाहीत. सारखे समोरच्याच्या डोळ्याकडं पाहत राहतात. पुढं बोर्डाच्या पेपरले वर्गावर जो मास्तर राहील तो डुलकी घेईल. घेतातच. अन हे सहा जण बिचमें उठून त्याच्या अंगावर जातील. कॉपीची केस बनन, साल जाईल."

"मग मी काय करू?" काकू म्हणाल्या. "मला पाढे पंधरापर्यंत येतात."

"मले नाही माहीत. पण मी रोज घरी जाऊन आरशात पाहून राहिलो, जिवंत आहो का नाही ते." नितीन सर उठले. फाटकापाशी जाऊन थांबले. "पोट्टे चांगले आहेत," एवढं म्हणून त्यांनी हेल्मेट घातलं.

मोटरसायकल गेल्यावर अंगणात पोरं आणि ओसरीवर दोन म्हातारी माणसं उरली.

"वहिनी, चारची बस आहे," रघुनाथराव म्हणाले.

"हो."

"यांच्या मायबापाले फोन लावून देऊ."

काकूंनी प्रणालीकडे पाहिलं. पोरगी बारीक झाली होती. वेणी कोणीतरी दुसऱ्यानं घातल्यासारखी एका बाजूला गेली होती. तिनं काकूंच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही, आणि ती नजर उद्धट नव्हती. दुधावर ठेवतात तशी होती.

"चपला काढा," काकू म्हणाल्या. "सतरंजी तिथंच आहे कपाटामागं."

रघुनाथरावांनी पेपरची घडी केली. "वहिनी, तुम्हाले गणित येते का?"

"नाही."

"मग यांले काय शिकवान?"

"शिकवायचं नाही म्हणतात ना ते. मान खाली घालायची आहे फक्त."

रघुनाथरावांनी थोडा विचार केला. मनानं ते वाईट नव्हते. "म्हणजे कोणीतरी डोळे मिटून बसायचं, अन यांनी उठायचं नाही. याची सवय लावायची, एवढंच ना? मग मी बसतो. सारी नोकरी तेच केलं."

बैठकीत सतरंजी अंथरली गेली. वैभवनं पुस्तकातलं एक गणित फळ्यावर उतरवलं. अक्षर वाकडं आलं म्हणून पुसून परत लिहिलं. सरांच्या खुर्चीकडे पोरं बघत नव्हती, पण तिच्यापासून सगळी सारख्याच अंतरावर बसली होती. रघुनाथराव खुर्चीत बसले, सदऱ्याचं वरचं बटण सोडलं, हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. सहा माना वर, बारा डोळे त्यांच्यावर. कोणी पेन उघडलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून काकू पाहत होत्या.

थोड्या वेळानं रघुनाथराव घोरायला लागले.

सुरुवातीला बारीक, मग चांगलं दमदार. खिडकीच्या सैल काचेनं त्यांना साथ धरली. वैभवनं रोशनकडे पाहिलं, रोशननं प्रणालीकडे. मग प्रणालीनं पेन उघडलं. तिची मान खाली गेली. मग एकेक करून सगळ्यांची गेली. घोरण्याच्या तालावर सहा पेनं चालायला लागली, आणि काकूंचा हात दाराच्या चौकटीवर होता तो तिथंच राहिला. किती दिवसांनी या घरात कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. रघुनाथरावांच्या बायकोनं या घोरण्यापायी एकदा माहेरची वाट धरली होती. तिनं हे दृश्य पाहायला हवं होतं.

पण घोरणाऱ्या माणसाचं असं असतं की तो मध्येच, श्वास वर चढलेला असताना, थांबतो. घरच्यांना सवय असते. ते दुसऱ्या कुशीवर वळून वाट पाहतात.

घोरणं थांबलं. पेनं थांबली.

पुढचं सगळं एकदम झालं. प्रणाली सतरंजीवरून उठली ती सरळ रघुनाथरावांचा सदरा दोन्ही मुठींत धरून त्यांना गदगदा हलवायला लागली. वैभवनं कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलून त्यांच्या तोंडावर रिकामा केला. रोशननं मोबाइल काढून एकशे आठ नंबर लावला आणि पत्ता सांगायलाही लागला, "बारक्या पुलाच्या अलीकडं, वसंत सरचं घर, लवकर या जी, पुन्हा झालं." बाकीची तिघं नुसती उभी होती, पण उभी होती.

रघुनाथरावांनी डोळे उघडले. मिशीतून पाणी ठिबकत होतं. समोर सहा चेहरे.

"मेलो का मी?" त्यांनी विचारलं.

"नाही जी," वैभव म्हणाला.

काकूंनी रोशनच्या हातून मोबाइल घेतला आणि गाडी नको म्हणून सांगितलं. पलीकडच्या माणसानं खात्री करून घ्यायला दोनदा विचारलं.

प्रणाली रडत होती. आवाज न करता. तिच्या मुठीत अजून रघुनाथरावांचा सदरा होता, आणि सदऱ्याचं एक बटण तुटून खाली पडलं होतं. रघुनाथरावांनी त्या मुठी सोडवल्या नाहीत. ओल्या तोंडानं ते तसेच बसून राहिले, पोरीनं आपण होऊन सोडेपर्यंत. मग ते उठून आत गेले, अंग पुसलं, आपली पिशवी घेतली आणि ओसरीवर आले.

"वहिनी, मी निघतो."

"सुटकेसा भरलेल्या आहेत, भाऊजी."

"राहू द्या भरलेल्या. पेपर झाल्यावर या." पायऱ्या उतरून ते थांबले. "त्या पोरीनं मले ज्या जोरानं हलवलं ना," ते म्हणाले, आणि सदऱ्याच्या बटणाची रिकामी जागा चाचपत फाटकाकडं वळले. टॉवेल गळ्यातच राहिला होता. तो तसाच घेऊन ते बस स्टँडकडं गेले.

दुसऱ्या दिवशी पोरं आपापल्या वेळेवर आली. कोणी या म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी काकू खुर्चीत बसल्या. सर गेल्यापासून त्या खुर्चीला त्यांनी पुसण्यापुरताच हात लावला होता. खुर्चीच्या हातांचं लाकूड, जिथं सरांची बोटं असत, तिथं गुळगुळीत झालेलं होतं. काकूंनी आपले हात मांडीवरच ठेवले.

आधी त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं. म्हटलं, उघड्या डोळ्यांनी काय बिघडतं. पोरांनी माना खाली घातल्या खऱ्या, पण दर ओळीला वर पाहत. गॅसवर दूध ठेवलंय हे काकूंना आठवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. रोशननं बरोबर आलेलं उत्तर खोडलं. दूध मघाशीच उतरवलंय हे आठवून त्यांचा चेहरा सैल झाला, तेव्हा रोशन एक चुकीचं उत्तर लिहीत होता. त्यानं त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

"काय करतोस रे तू?" काकूंनी विचारलं.

"तुमच्याकडं पाहून करून राहिलो, काकू."

"मला कुठं येतं?"

"तुमाले नाही येत, हे मले माहीत आहे जी," रोशन म्हणाला. "पण चेहऱ्याले तर येत असन."

सरांचं ते तोंड सोडवण्याचं बोलणं काकूंना इतकी वर्षं मिजाशीचं वाटत आलं होतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मी डोळे मिटते. सरांसारखेच."

प्रणालीनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. शेवटी वैभव घसा साफ करून म्हणाला, "काकू, एक सांगू का? तुमी डोळे मिटा, पण मधूनमधून बांगड्या वाजवत राहा ना. म्हणजे आमाले समजत राहीन."

ते तोंडातून निघालं आणि निघाल्यावर त्याला दिसलं. सगळ्यांनाच दिसलं. काकूंचे हात मांडीवर होते, आणि मनगटांवर जिथं इतकी वर्षं काच होती तिथं कातडीचा एक फिकट पट्टा होता. प्रणालीनं वैभवला कोपरानं ढोसलं. वैभवचे कान लाल झाले. तो फळ्याकडं असा पाहत राहिला की जणू फळ्यानंच हे सुचवलं होतं.

काकूंनी पदराखाली हात घेतले नाहीत. थोडा वेळ आपल्याच मनगटांकडं पाहिलं.

"कुकर लावू का?" त्यांनी विचारलं. "शिट्ट्या होत राहतील."

वैभव 'हाव' म्हणणार होता. पण रोशननं विचार करून मान हलवली.

"कुकर तर तुमच्यावाचून पण वाजते, काकू."

मुद्दा बरोबर होता. काकूंना हसू येईल असं वाटलं, पण ते ओठांपर्यंत आलं आणि तिथं दुसरंच काहीतरी झालं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"ऐका," चष्मा लावत त्या म्हणाल्या. "सर म्हणायचे तसंच. मी डोळे उघडेपर्यंत कोणी उठायचं नाही, कोणी बोलायचं नाही. परीक्षेत असंच बसायचं आहे तुम्हाला. प्रणाली, गणित लिही."

प्रणालीनं उठून लिहिलं. खडू दोनदा तुटला. ती जागेवर जाऊन बसली, आणि काकूंनी डोळे मिटले.

आधी काहीच नव्हतं. बाहेर संत्र्यांनी भरलेली एखादी गाडी चढावर गिअर बदलत होती. मग हळूहळू खोलीतले आवाज वर आले. कोणाचं तरी नाक. दप्तराची चेन. सतरंजीवर बदललेली मांडी. त्या आवाजांवरून कोण कुठं बसलंय हे काकूंना समजायला लागलं आणि त्यांच्या मनात आलं, हे रोज ऐकत असत ते. यातलं कोण अडलंय, कोण नुसतंच पान उलटतंय, सगळं त्यांना समजत असणार. झोपत नव्हते. काकूंनी हात मांडीवरून उचलून खुर्चीच्या हातांवर ठेवले.

एक पेन चालायला लागलं. मग दुसरं. मग बराच वेळ कुठलंच नाही.

शांतता दाट होत गेली. काकूंना ती ओळखीची वाटली. अशाच शांततेत त्या कप घेऊन दारात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं असतं तर त्यांना काय दिसलं असतं, हे तेव्हापासून त्या रोज पाहत होत्या. आता त्या खुर्चीत दाराकडं तोंड करून बसल्या होत्या, डोळे मिटून, आणि दारात कोणी नव्हतं. श्वास आपोआप बारीक झाला. डोळे उघडावेत असं त्यांना वाटलं. उघडले असते तर पोरांच्या माना परत वर आल्या असत्या, आणि पेपरात त्या तशाच वर राहिल्या असत्या. त्यांनी उघडले नाहीत.

सतरंजी खसखसली.

कोणीतरी उठलं होतं. अनवाणी पावलं, हलकी, टाच न टेकता टाकलेली. ती फळ्याजवळून आली, खुर्चीच्या उजव्या बाजूला येऊन थांबली. नियम मोडला होता. काकूंना खडूचा वास आला. मग नाकाखाली, ओठाच्या वर, कातडीला न लागता, एका तळव्याची ऊब आली.

काकूंनी श्वास घेतला. चांगला लांब, पदर छातीवर वर आला असेल इतका. आणि तितकाच लांब सोडला.

तळवा आणखी एका श्वासापर्यंत तिथंच राहिला. मग ऊब गेली. पावलं परत गेली, या वेळी टाचा टेकवून. सतरंजीवर बसल्याचा आवाज आला, आणि लगेच पेनाचा. ते पेन न थांबता चालत राहिलं, ओळीमागून ओळ, कोपऱ्यातून.

थोड्या वेळानं दुसरी पावलं आली. ही जड होती, आणि मध्येच दप्तराला अडखळली. ती पोचली, पण हात पुढं आला नाही. कोणीतरी खूप वाकून, जवळजवळ कानाशी, हाक मारावी की नाही हे न ठरलेल्या आवाजात म्हणालं, "काकू."

बोलायचं नाही, असं ठरलं होतं. काकूंनी खुर्चीच्या हातावरचं एक बोट उचललं आणि परत ठेवलं.

वैभव जागेवर जाऊन बसला. आता दोन पेनं चालत होती. काकूंनी पाठ खुर्चीला टेकवली आणि डोळे मिटलेलेच ठेवले. अजून चौघं यायची होती.